युद्धातले धर्मगुरू: आघाडीवर त्यांचं नेमकं काम काय असतं?

शिलेदार

सैन्यातला धर्मगुरू म्हणजे रविवारी प्रार्थना घेणारा आणि शवपेटीमागून चालणारा माणूस, एवढीच बहुतेकांची कल्पना असते. प्रत्यक्ष लढाईत या दोन्ही गोष्टींना त्याचा फार थोडा वेळ जातो. पहिल्या महायुद्धावरच्या चर्चांमध्ये हा विषय अधूनमधून निघतो आणि रणगाड्यांखाली चिरडला जातो, म्हणून वेगळा धागा काढतोय. 'मुळात धर्म हवाच कशाला' हा वाद कृपया इथे नको.

थोडी पार्श्वभूमी. फ्रँक राज्यात ७४२ साली भरलेल्या धर्मसभेने पाद्र्यांना शस्त्र धरायला आणि सैन्याबरोबर जायला बंदी केली, पण अपवाद ठेवला: राजाबरोबर एकदोन बिशप आणि त्यांचे धर्मगुरू, आणि प्रत्येक सरदाराबरोबर एक पाद्री, सैनिकांची पापकबुली ऐकायला. म्हणजे शस्त्र नाही पण सैन्यात जागा आहे, हा सौदा बाराशे वर्षांहून जुना आहे.

ब्रिटिश लष्करात १७९६ पर्यंत प्रत्येक रेजिमेंटचा आपापला धर्मगुरू असे. नेमणूक कर्नलच्या हातात, जागेची खरेदी-विक्री चाले. पगार घेणारा घरी बसे आणि चार पैशांवर बदली माणूस पाठवी. पुष्कळदा तेवढंही करत नसे. मोहीम निघाली की धर्मगुरू गायब. शेवटी २३ सप्टेंबर १७९६ च्या शाही फर्मानाने स्वतंत्र विभाग उभा राहिला. सुरुवातीला तो फक्त अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा) होता. प्रेस्बिटेरियन १८२७ मध्ये आले, रोमन कॅथलिक १८३६ मध्ये, ज्यू १८९२ मध्ये. ऑगस्ट १९१४ मध्ये या विभागात ११७ जण होते. युद्ध संपेपर्यंत आकडा ३,४०० च्या वर गेला.

एवढी माणसं आणली, पण त्यांना उभं कुठे करायचं हे कुणाला माहीत नव्हतं. सुरुवातीच्या काळात अँग्लिकन धर्मगुरूंना पुढच्या खंदकांत जायची मनाई होती. कारण साधं: बिनहत्यारी माणूस अरुंद खंदकात अडचण करतो. कॅथलिक पाद्री मात्र मरणाऱ्याला तेल लावायला (हा त्यांचा शेवटचा विधी) पुढे जायचेच, आणि सैनिकांनी हा फरक बरोबर टिपला. १९१६ पर्यंत ती मनाई सैल झाली. तोवर अँग्लिकन धर्मगुरूंच्या नावाची जी खराबी व्हायची ती झाली होती.

माझं म्हणणं असं की हा माणूस उपयोगी पडतो तो हुकूम आणि अहवाल या दोन्ही साखळ्यांच्या बाहेर असतो म्हणून. शस्त्रबंदी, गुप्तता, हुद्द्याचा घोळ हे सगळे नियम याच एका गोष्टीभोवती फिरतात. जिथे तो साखळीत ओढला गेला, तिथे बिनकामाचा झाला.

दुर्बीण

छान विषय. एक सरळ प्रश्न. हल्ला सुरू झाल्यावर हा माणूस शरीराने नेमका कुठे असतो? खंदकात, मुख्यालयात की इस्पितळात?

रेवती_क

@दुर्बीण, पलटणीच्या एड पोस्टवर, म्हणजे आघाडीमागच्या प्रथमोपचार केंद्रावर. पहिल्या महायुद्धात चुकत माकत हेच उत्तर सापडलं आणि अजूनही बहुतेक सैन्यांत तेच चालतं. कारण जखमी, मरणारे, मेलेले आणि त्यांना उचलून आणणारे असे चौघेही तिथून जातात. एखाद्या कंपनीबरोबर पुढे गेला तर त्याला फक्त तीच कंपनी दिसते. ब्रिगेड मुख्यालयात थांबला तर कुणीच दिसत नाही.

एड पोस्टवर जखमींची वर्गवारी होते. एक गट असा असतो ज्यांच्यावर वेळ घालवला तर वाचू शकणारे दुसरे मरतील. त्यांना बाजूला ठेवतात, वेदना कमी करतात आणि डॉक्टर पुढे सरकतो. धर्मगुरूची पहिली जागा या गटाजवळ. बाकी सगळ्यांना तिथे काहीतरी दुसरं काम असतं, त्याला नसतं.

तिथे काय करायचं याचा क्रम ठरलेला आहे. आधी गळ्यातली ओळखचकती वाचायची: नाव, धर्म. मग नावाने हाक मारायची आणि आपण कोण ते सांगायचं. 'काही हवंय का' असं विचारायचं. 'तुझा विश्वास आहे का' असं कधीच विचारायचं नाही. 'तू बरा होशील' असं वचन द्यायचं नाही. घरी निरोप सांगितला तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचा, वेळ टाकायची. अंगठी, पाकीट, फोटो यांना हात लावायचा नाही. त्या वस्तूंची नोंद वेगळ्या माणसाकडे असते आणि एक अंगठी हरवली की सगळ्या पलटणीत बोभाटा होतो.

चुका कुठे होतात? पहिली, पाणी. पोटाची जखम असलेला माणूस पाण्यासाठी गयावया करतो आणि दयाळू धर्मगुरू बाटली पुढे करतो. शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर तोंडाने काहीच द्यायचं नसतं. ओठ ओले करायचे, तेही वैद्यकीय माणसाला विचारून. दुसरी, मॉर्फिन. पापकबुली शुद्धीत झालेली बरी असं पाद्र्याला वाटतं, पण त्यासाठी इंजेक्शन थांबवायचं नाही. बेशुद्धावरही तेल लावता येतं.

तिसरी चूक जरा आडवळणाची आहे. धर्मगुरू फक्त मरणाऱ्यांजवळच दिसू लागला की त्याचं येणं हाच अपशकुन ठरतो. तो वाकला की जखमी समजतो, संपलं आपलं. म्हणून चांगला धर्मगुरू पायाला खरचटलेल्यापाशीही थांबतो, सिगारेट पेटवून देतो, टिंगल करतो. स्टडर्ट केनेडी हा पाद्री वुडबाइन सिगारेटी वाटत फिरायचा आणि त्याचं टोपणनावच 'वुडबाइन विली' पडलं. लोकांना ते गमतीशीर वाटतं. मला त्यात पद्धत दिसते.

तोफखाना

रेवतीताईंशी सहमत, फक्त एक भर. गर्दी वाढली की डॉक्टर धर्मगुरूला स्ट्रेचरला जुंपतात, आणि त्यालाही ते बरं वाटतं कारण हात चालू राहतात. पण मग बाजूला ठेवलेल्या गटाजवळ कुणीच उरत नाही.

पहिल्या महायुद्धातल्या थिओडोर हार्डी या ब्रिटिश धर्मगुरूने यातून वेगळा मार्ग काढला. पन्नाशी ओलांडल्यावर भरती झालेला माणूस. व्हिक्टोरिया क्रॉस, डीएसओ आणि मिलिटरी क्रॉस, ही तिन्ही शौर्यपदकं मिळाली. त्याची पद्धत अशी की चिखलात रुतलेला किंवा हलवता न येणारा जखमी सापडला की तिथेच थांबायचं आणि मदत येईपर्यंत हलायचं नाही. जखमी कुठे पडलेत हे त्याला माहीत असे, म्हणून स्ट्रेचरवाल्यांचा वेळ वाचे. ऑक्टोबर १९१८ मध्ये रुआंच्या इस्पितळात जखमांमुळे गेला, पंचावन्न पुरी व्हायला दोन दिवस कमी.

आता सामान. मिस्सा (कॅथलिकांची भाकरी-वाइनची मुख्य प्रार्थना) करायची तर पेटी लागते: घडीची वेदी किंवा नुसतं कापड, प्याला, ताटली, पातळ भाकरीच्या चकत्या, वाइनची छोटी बाटली, तेलाची डबी, क्रूस, पुस्तक. हे सगळं एका माणसाला पाठीवर नेता आलं पाहिजे. चकत्या ओलसर हवेत बुरसतात, म्हणून घट्ट झाकणाचा डबा. वाइन थंडीत गोठते, काच फुटते. नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकन छत्रीधारी दलाचा पाद्री फ्रान्सिस सॅम्पसन खोल पाण्यात पडला. बुडू नये म्हणून सामान कापून टाकलं आणि काठावर आल्यावर मिस्सेची पेटी शोधायला पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या. वेडेपणा वाटेल, पण ती पेटी गेली असती तर पुढचे कित्येक दिवस त्याला नुसतं बोलण्यावरच भागवावं लागलं असतं.

मैदानी प्रार्थना घ्यायची म्हणजे आधी ऑपरेशन्सच्या अधिकाऱ्याला विचारणं आलं: किती माणसं, कुठे, किती वेळ. जमाव म्हणजे तोफेला आयतं लक्ष्य, आणि ड्रोन आल्यापासून तर फारच. म्हणून पन्नासांची एक प्रार्थना घेण्यापेक्षा दहा-दहांच्या पाच घ्यायच्या, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं, झाडीत किंवा छपराखाली. मेणबत्ती नाही, पांढरा झगा नाही, गाणं हळू आवाजात. वेळ रोज बदलायची. एकाच जागी एकाच वेळी तीन दिवस प्रार्थना झाली की चौथ्या दिवशी गोळा येतो असं धरून चालायचं.

आणि धर्मगुरू एकटा फिरत नाही. अमेरिकन सैन्यात त्याच्याबरोबर एक मदतनीस सैनिक असतो आणि त्याच्याकडे रायफल असते. धर्मगुरूला शस्त्र नाही, त्यामुळे त्याच्या जिवाची जबाबदारी या मदतनिसावर. शिवाय गाडी, रेडिओ, सामान, कुठल्या तुकडीत कुठल्या धर्माचे किती याची यादी हेही तोच बघतो. कागदावर तो दुय्यम, पण मदतनीस कच्चा असेल तर धर्मगुरू तळाबाहेर पडूच शकत नाही.

मीमांसक

शस्त्राचा विषय निघालाच आहे तर कायदा सांगतो. यात बऱ्याच गैरसमजुती आहेत.

१८६४ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या कलम २ मध्येच धर्मगुरूंना तटस्थ मानलं होतं. आज लागू असलेला नियम १९४९ च्या पहिल्या कराराचं कलम २४: सैन्याशी जोडलेल्या धर्मगुरूंचा सर्व परिस्थितीत आदर आणि रक्षण व्हायला हवं. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं (पूरक कराराचं) कलम ४३ आणखी स्पष्ट आहे: सैन्यातले सगळे लढवय्ये, वैद्यकीय आणि धार्मिक कर्मचारी सोडून.

ओळख पटवण्यासाठी दोन वस्तू लागतात (कलम ४०). डाव्या दंडावर पाण्याने खराब न होणारी, लाल क्रॉस किंवा लाल चंद्रकोरीची पट्टी, लष्करी अधिकाऱ्याने शिक्का मारून दिलेली. आणि खिशात मावेल असं ओळखपत्र: नाव, जन्मतारीख, हुद्दा, क्रमांक, कोणत्या नात्याने संरक्षण मिळतं ते, फोटो, सही किंवा ठसा. शिक्क्याशिवायची घरी शिवलेली पट्टी कायद्याने फारशी कामाची नाही. शत्रूने हे दोन्ही काढून घेऊ नये असंही लिहिलंय.

शस्त्राबद्दल गंमत आहे. कलम २२ वैद्यकीय तुकडीला स्वतःच्या आणि जखमींच्या बचावासाठी शस्त्र बाळगू देतं. धर्मगुरूंबद्दल करार गप्प आहे. त्यांना बंदीही नाही, परवानगीही नाही. म्हणजे बंदी येते ती देशांच्या आपापल्या नियमांतून. ब्रिटन आणि अमेरिका आपल्या धर्मगुरूंना शस्त्र देत नाहीत. माझ्या मते हेच बरोबर आहे, कारण कमरेला पिस्तूल दिसलं की समोरचा कलम वाचत बसत नाही.

पकडला गेला तर तो युद्धकैदी नसतो. त्याला 'राखून ठेवलेला' म्हणतात (कलम २८). कैद्यांच्या संख्येला आणि गरजेला आवश्यक तेवढेच दिवस ठेवायचं, एरवी परत पाठवायचं. तिसऱ्या करारानुसार त्याला दुसरं काम लावता येत नाही, बाहेरच्या कामगार तुकड्यांना भेटायला वाहन द्यावं लागतं, आणि धर्मसंस्थांशी त्याचा पत्रव्यवहार कैद्यांच्या ठरलेल्या पत्रसंख्येत धरायचा नाही.

संरक्षण जातं कसं? धर्मगुरू दारूगोळा वाहू लागला, पहाऱ्याला उभा राहिला, की गेलं. हल्लीची वाट जास्त निसरडी आहे. इराक-अफगाणिस्तानात अमेरिकन धर्मगुरूंना स्थानिक मौलवींशी बोलणी करायला पाठवत. बोलणी ठीक, पण परत आल्यावर गुप्तवार्ता अधिकारी विचारतो, घरात आणखी कोण होतं? अमेरिकन नियमावलीत धर्मगुरूने हेरगिरीत आणि लक्ष्य ठरवण्यात भाग घेऊ नये असं स्पष्ट आहे. तिथे धर्मगुरूने ठाम राहावं लागतं.

शिलेदार

@मीमांसक, 'राखून ठेवलेला' याची दोन टोकं सांगतो.

जॉन फूट, कॅनडाच्या पलटणीचा धर्मगुरू, १९ ऑगस्ट १९४२, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं दिएप. आठ तास किनाऱ्यावर जखमींना उचलून आणत होता. माघारीच्या नावेत चढायची संधी होती. नाकारली आणि चालत शत्रूकडे गेला, कारण मागे राहणाऱ्यांना तो तिथे लागणार होता. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला १९४६ मध्ये.

दुसरं टोक कोरिया. एमिल कापॉन हा अमेरिकन कॅथलिक धर्मगुरू नोव्हेंबर १९५० मध्ये उनसानला पकडला गेला. तिथल्या छावण्यांत कराराला कुणी विचारत नव्हतं आणि धार्मिक काम उघडपणे करायला बंदी होती. तेव्हा त्याने काय केलं ते बघण्यासारखं आहे: पत्रा ठोकून भांडी बनवली आणि त्यात पाणी उकळलं. हगवणीने माणसं पटापट मरत होती, म्हणून उकळलेलं पाणी हे तिथे सगळ्यात मोठं औषध. आजाऱ्यांचे कपडे धुतले, उवा काढल्या, धान्य चोरून आणलं. रात्री झोपड्यांतून फिरून दोन मिनिटांची प्रार्थना. मे १९५१ मध्ये छावणीतच गेला. मेडल ऑफ ऑनर २०१३ मध्ये, आणि अवशेषांची ओळख पटली २०२१ मध्ये.

दुर्बीण

हुद्द्याचं काय? सगळ्यांच्या खांद्यावर फित्या असतात. साखळीबाहेर म्हणायचं आणि कॅप्टनचा पगार द्यायचा, हे कसं?

शिलेदार

तीन पद्धती आहेत.

अमेरिकन: हुद्दा आहे, हुकूम देण्याचा अधिकार नाही. मेजर असला तरी हाक 'चॅपलेन' अशीच. पगार आणि हुद्दा यांची सांगड तिथे पहिल्यापासूनच आहे. जुलै १७७५ मध्ये काँटिनेंटल काँग्रेसने धर्मगुरूंना महिना वीस डॉलर ठरवले, कॅप्टनइतकेच.

रॉयल नेव्ही: हुद्दाच नाही. ज्याच्याशी बोलतोय त्याचा जो हुद्दा तोच धर्मगुरूचा, असा जुना संकेत. ब्रिटिश लष्करात मात्र श्रेणी आहेत, खांद्यावर चिन्हंही आहेत, हाक 'पाद्रे'.

जर्मन: १९५७ च्या करारानंतर धर्मगुरू हा नागरी नोकर. मोहिमेवर लष्करी कपडे घालतो, पण हुद्द्याची खूण नाही. हे असं का, ते @इंदुमती जास्त चांगलं सांगतील.

हुद्दा असण्याचा फायदा व्यवहारातला आहे. गाडी मागता येते, कर्नलच्या बैठकीला बसता येतं, रुग्णालयात कुणी अडवत नाही. तोटा असा की एकोणीस वर्षांचा शिपाई खांदा बघूनच सलाम ठोकतो आणि तोंड मिटतो. मला नौदलाची पद्धत सगळ्यात शहाणपणाची वाटते, पण जहाजावर सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून ती चालते. शंभर किलोमीटरच्या आघाडीवर बिनहुद्द्याच्या माणसाला नाक्यावरचा पहारेकरी तासभर उभा करेल.

इंदुमती

जर्मनांनी ती व्यवस्था हौसेने केली नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या भूदलात दोन फील्ड बिशप होते, प्रोटेस्टंट दोरमान आणि कॅथलिक रार्कोव्स्की. दुसऱ्याची पत्रकं वाचली तर युद्धखात्याच्या प्रचारापासून वेगळी करता येत नाहीत. वायुदलाला आणि एसएसला (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाला) धर्मगुरू नव्हतेच. राजवटीला तेवढेही नको होते; डिसेंबर १९४३ पासून सैन्यात नाझी विचार शिकवणारे अधिकारी नेमले. पूर्व आघाडीवर जे चाललं होतं त्याबद्दल बहुतेक धर्मगुरू गप्प राहिले. मिस्सा घेतल्या, पुरलं, पत्रं लिहिली. आपण जखमींसाठी आहोत, एवढंच स्वतःला सांगत राहिले. म्हणून १९५७ मध्ये धर्मगुरूला सेनाधिकाऱ्याच्या ताबेदारीतून बाहेर काढलं.

जपानमध्येही १८९४-९५ च्या चीनबरोबरच्या युद्धापासून बौद्ध पंथांनी सैन्याबरोबर भिक्षू पाठवले. अंत्यविधी केलेच, आणि सम्राटासाठी मरणं हाच धर्म असंही शिकवलं.

त्यामुळे शिलेदार साहेब, तुमचं 'साखळीबाहेर' मला अर्धंच पटतं. साखळीबाहेर असूनही माणूस त्याच सुरात बोलू शकतो. जॉर्ज झाबेल्का हा कॅथलिक धर्मगुरू पॅसिफिकमधल्या टिनिअन बेटावर अणुबाँब टाकणाऱ्या वैमानिकांच्या दलाबरोबर होता. त्याला कुणी हुकूम दिला नव्हता. पुढे त्यानेच जाहीरपणे सांगितलं की त्याने नागरिकांवरच्या बाँबफेकीबद्दल तोंड उघडलं नाही, हाच त्याचा अपराध.

तोफखाना

हुकूम दिल्याचंही उदाहरण आहे. डिसेंबर १९४४, अमेरिकन जनरल पॅटनचं तिसरं सैन्य पावसात अडकलेलं. पॅटनने धर्मगुरू ओनील यांना चांगल्या हवेसाठी प्रार्थना लिहायला सांगितली. लिहिली, अडीच लाख कार्डं छापून वाटली. हवा सुधारली, पॅटनने ओनील यांना पदक दिलं. प्रार्थनेचा मजकूर सैन्याच्या विजयासाठी आहे, सरळसरळ. किस्सा म्हणून सगळे हसतात. धर्मगुरू 'नाही' म्हणू शकला असता का, हे कुणी विचारत नाही.

शिलेदार

@इंदुमती, मुद्दा मान्य, पण रार्कोव्स्कीला मी साखळीबाहेरचा धरतच नाही. त्याची निवडच राजवटीला चालेल असा माणूस म्हणून झाली होती. झाबेल्काचं उदाहरण जास्त टोचतं. तिथे उत्तर असं की धर्मगुरूला सेनापतीशी बोलायचा अधिकार असतो, तो वापरायचा की नाही हे नियमाने ठरवता येत नाही. अमेरिकन नियमावलीत धर्मगुरूने सेनापतीला नैतिक प्रश्नांवर सल्ला द्यावा असं आहेच. सल्ला दिल्याची नोंद कुठे राहत नाही, त्यामुळे दिला गेला की नाही हे बाहेर कळतही नाही.

रेवती_क

गुप्ततेवर अजून कुणी बोललं नाही म्हणून.

अमेरिकन सैन्यात धर्मगुरूला सांगितलेली गोष्ट त्या सैनिकाच्या संमतीशिवाय बाहेर जात नाही. लष्करी पुरावा नियम ५०३ हे संरक्षण देतो आणि धर्मगुरूच्या मदतनिसालाही तेच लागू होतं. मानसोपचारतज्ज्ञाला असं पूर्ण संरक्षण नाही. त्याच्या नियमाला अपवाद आहेत आणि तो नोंदी ठेवतो. सैनिकाला भीती असते ती नोंदीची: बढती अडेल, शस्त्र काढून घेतील. म्हणून पहिली पायरी बहुधा धर्मगुरूचा तंबू. तिथे धर्माचं बोलणं होतंच असं नाही. झोप लागत नाही, घरून घटस्फोटाचं पत्र आलंय, त्या रस्त्यावर मारलेला माणूस खरंच हत्यारबंद होता का, असं सगळं.

अडचण तेव्हा येते जेव्हा सैनिक म्हणतो की मी जीव देणार आहे. धर्मगुरू वरिष्ठाला कळवू शकत नाही. तो करतो ते असं: सोडून जात नाही. शस्त्र माझ्या मदतनिसाकडे दे म्हणतो. डॉक्टरकडे आपण दोघं मिळून जाऊ म्हणतो आणि होकार मिळेपर्यंत बसतो, मग सकाळ का होईना. नोंदवही ठेवायची नाही. दिवसभरात किती जण भेटले एवढा आकडा ठेवायचा, नावं नाहीत. आणि सेनापती 'पलटणीत वातावरण कसंय' असं विचारतो तेव्हा उत्तर इतकं मोघम हवं की कुणाचा माग लागणार नाही, पण इतकंही मोघम नको की उपयोगच नाही. 'दुसऱ्या कंपनीची झोप पुरत नाहीये' हे चालतं. 'दुसऱ्या कंपनीत एकाला त्रास आहे' हे चालत नाही.

ग्रंथपाल

दफनाकडे वळू या, कारण धर्मगुरूच्या कामातला सगळ्यात जास्त कागद तिथे आहे.

ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात १९१६ पर्यंत एकच चकती होती. मृत्यूचा पुरावा म्हणून ती काढून नेली की देह अनामिक. काही महिन्यांनी तोफांनी जमीन उलटली की तो कोण हे सांगायला काहीच नाही. हजारो अनोळखी कबरींमागे हे एक कारण आहे. मग दोन चकत्या आल्या: लाल गोल आणि हिरवी अष्टकोनी. लाल काढायची, हिरवी देहाबरोबर ठेवायची. दोन्हींवर नाव, क्रमांक, पलटण, धर्म. पण त्या दाबलेल्या तंतूंच्या होत्या आणि ओल्या मातीत कुजत.

म्हणून काळजी घेणारे धर्मगुरू आणखी एक गोष्ट करत: कागदावर नाव-क्रमांक लिहून तो बाटलीत घालून कबरीत ठेवायचा. वर लाकडी क्रूस, त्यावर अक्षरं ठोकलेली धातूची पट्टी, कारण पेन्सिल पावसाने जाते. मग नकाशावरचे आकडे वहीत उतरवायचे आणि कबर-नोंदणी विभागाला पाठवायचे. वहीतले रकाने: नाव, क्रमांक, तारीख, जागा, घरी पत्र गेलं की नाही.

त्या पत्राचं एक पथ्य. अधिकृत तार आधी पोचली पाहिजे. धर्मगुरूचं पत्र आधी पोचलं तर घरच्यांना बातमी अशी मिळते जिला सरकारी दुजोरा नाही, आणि मग आठवडाभर आशा-निराशेचा खेळ. जागेचं नाव लिहायचं नाही (सेन्सॉर). आणि डॉक्टर, कंपनी अधिकारी, धर्मगुरू तिघे पत्र लिहिणार असतील तर आधी बोलून घ्यायचं. एक 'क्षणात गेला' लिहितो, दुसरा 'रात्रभर धीराने सोसलं' लिहितो, आणि आई दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचते.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अनाम योद्ध्याची कल्पनाही धर्मगुरूचीच. डेव्हिड रेल्टनने १९१६ मध्ये आर्मान्तिएरजवळ एका बागेत 'अनोळखी ब्रिटिश सैनिक' असं लिहिलेला क्रूस पाहिला. १९२० मध्ये ॲबीच्या डीनला (प्रमुख पाद्र्याला) पत्र लिहिलं, आणि ११ नोव्हेंबर १९२० ला दफन झालं. रेल्टनचा जो झेंडा वेदीवर आणि देहांवर अंथरला जायचा, तोच त्या पेटीवर होता.

दुर्बीण

आणि ज्यांना पुरायचं नसतं त्यांचं? पहिल्या महायुद्धात आपले हिंदू आणि शीख सैनिक फ्रान्समध्ये लढले की.

ग्रंथपाल

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इस्पितळात मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन जवळच्या टेकड्यांवर झालं. तिथे आता स्मारक म्हणून छत्री आहे, १९२१ ची. मुस्लिम सैनिकांना वोकिंगला दफन केलं. आघाडीवर लाकूड, वेळ आणि धूर या तिन्हींची अडचण. धूर म्हणजे शत्रूला खूण.

मीमांसक

पुरवणी जोडतो. पहिल्या कराराचं कलम १७: देह जाळायचा नाही, अपवाद दोनच, आरोग्याची निकड आणि मृताचा धर्म. जाळला तर कारण मृत्यूच्या दाखल्यात सविस्तर लिहायचं, आणि रक्षा कबर-नोंदणी विभागाने जपून ठेवायची. म्हणजे शत्रूच्या ताब्यात गेलेल्या हिंदू सैनिकाचा दहनाचा हक्क कागदावर पक्का आहे, पण त्याचा धर्म नोंदलेला असेल तरच.

इंदुमती

आपल्याकडची रचना वेगळी आहे, तेही नोंदवायला हवं. भारतीय सैन्यात धर्मशिक्षक हे जेसीओ (जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या दर्जाचे) असतात: पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्षू. गोरखा पलटणींसाठी पंडित वेगळा, लडाख स्काउट्ससाठी शिया मौलवी आणि महायान भिक्षू. पंडिताला शास्त्री किंवा आचार्य आणि कर्मकांडाचं शिक्षण, पाद्र्याला दीक्षा. पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत त्यांचं प्रशिक्षण होतं आणि तिथे दुसऱ्यांचे विधीही शिकवतात.

मूळ फरक असा: पश्चिमेत धर्मगुरू एकेका सैनिकाकडे जातो, इथे पलटणीचा म्हणून एक धर्म असतो आणि अधिकारी, त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो, जवानांच्या मंदिर परेडला किंवा गुरुद्वाऱ्यात उभा राहतो. याने पलटण घट्ट बांधली जाते यात शंका नाही. अडचण येते ती अधिकाऱ्याच्या विवेकाची. गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. निकाल शिस्तीच्या अंगाने समजण्यासारखा आहे, पण मला तो कडक वाटतो.

तोफखाना

आपल्या धर्माचा धर्मगुरू जवळ नसेल तर? पलटणीत साधारण एकच असतो.

शिलेदार

अमेरिकन सूत्र सोपं: स्वतःचे विधी स्वतः कर, दुसऱ्यांच्या विधींची व्यवस्था कर. रब्बी (ज्यू धर्मगुरू) मिस्सा घेणार नाही, पण कॅथलिक पाद्री कुठल्या दिवशी कुठल्या तळावर येतो हे त्याला माहीत पाहिजे. मरणाऱ्याजवळ मात्र एवढा वेळ नसतो. म्हणून खिशात कार्डं: ज्यूसाठी शेमा ही त्यांची प्रार्थना, मुसलमानासाठी कलमा, कॅथलिकासाठी पश्चात्तापाची प्रार्थना. वाचायची, उच्चार चुकला तरी चालेल. तेल लावणं मात्र कॅथलिक पाद्रीच करू शकतो, ते दुसऱ्याने करायचं नाही.

हे सुरुवातीपासून असं नव्हतं. १८६१ मध्ये अमेरिकन कायद्यात धर्मगुरू 'ख्रिस्ती पंथाचा' हवा असं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या घोडदळातल्या ज्यू सैनिकांनी रब्बी मागितला, नकार मिळाला, आणि खटपटीनंतर जुलै १८६२ मध्ये शब्द बदलून 'धार्मिक पंथाचा' झाला. पहिला मुस्लिम धर्मगुरू १९९३ मध्ये, हिंदू २०११ मध्ये.

दुर्बीण

आणि ज्याला धर्मच नाही त्याचं?

रेवती_क

नेदरलँड्सच्या सैन्यात १९६४ पासून मानवतावादी सल्लागार आहेत, धर्मगुरूंच्याच दर्जाचे. त्यांची गुप्तता तीच, जागा तीच, प्रार्थना नाही. बाकी सैन्यांत धर्मगुरूच बघतो. एड पोस्टवर फरक फारसा पडत नाही, कारण तिथे निम्म्याहून जास्त वेळ हात धरून ऐकण्यातच जातो. दफनाच्या वेळी पडतो. पुस्तक बाजूला ठेवून नाव, क्रमांक, पलटण मोठ्याने वाचायची, सोबत्यांपैकी कुणाला बोलायचं असेल तर बोलू द्यायचं.

ग्रंथपाल

इथे चकतीवरचा रकाना घोळ घालतो. 'धर्म नाही' आणि कोरा रकाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरा म्हणजे माहीत नाही. मग धर्मगुरू आडनावावरून अंदाज करतो आणि चुकतो. उलट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन चकतीवर ज्यूंसाठी 'एच' असे, आणि जर्मनांच्या हाती लागायची भीती म्हणून काही ज्यू सैनिक तो मुद्दाम वगळत किंवा चकतीच टाकून देत. त्यामुळे नुसत्या चकतीवर विसंबायचं नाही. मोहीम निघण्याआधी मदतनिसाने यादी घेऊन प्रत्येकाला स्वतः विचारायचं: चकतीवर काय आहे, खरं काय आहे, आणि मेल्यावर काय करायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात, मागच्या तळावर ठेवायचं. धर्मगुरूबरोबर पुढे न्यायचं नाही, कारण तोही पकडला जाऊ शकतो.